ओगर एकटा पाठवू नका

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाच्या 2014 च्या नियमांनुसार तिसऱ्या लेव्हलच्या चौघा खेळाडूंसाठी 600 एक्सपी (अनुभवाचे गुण; शत्रू किती भारी, याचं माप) म्हणजे मध्यम लढाई, 900 म्हणजे कठीण आणि 1600 म्हणजे जीवघेणी. ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, 450 चा. कागदावर बरा दिसतो, पण एकटा आला की फसतो: त्याची एक खेळी, समोरच्यांच्या चार. आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 11 आणि 59 हिट पॉइंट (एवढी इजा झाली की पडतो). दोन-तीन फेऱ्यांत आडवा.

त्याच्याबरोबर चार गॉब्लिन (छोटे, चपळ राक्षस) द्या, प्रत्येकी 50 चे. बेरीज 650, शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायची, म्हणून 1300. कठीण, पण झेपणारी. आणखी दोनच गॉब्लिन वाढवले की शत्रू सात होतात, गुणक अडीच होतो आणि आकडा थेट 1875 वर जातो. नवे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, नेमके इथेच घसरतात.

आता जागा. मोकळ्या मैदानात सगळे एकमेकांना चिकटून फासे टाकत बसतात, यासारखं कंटाळवाणं काही नाही. नकाशावरचा एक चौकोन पाच फुटांचा. ओगरला अरुंद पुलाच्या तोंडाशी उभा करा, गॉब्लिन साठ फुटांवर दगडांआड धनुष्य घेऊन. अर्ध्या आडोशाने त्यांचा आर्मर क्लास 15 चा 17 होतो. शिवाय बाण मारून बोनस ॲक्शनमध्ये (त्याच खेळीतल्या जादा कृतीत) पुन्हा लपता येतं. पुलाचा दोर कापायला एक गॉब्लिन लावा, तीन फेऱ्यांची मुदत ठेवा आणि ती खेळाडूंना दिसू द्या. ओगर पडला की उरलेले गॉब्लिन पळतात, हे आधीच ठरवा. नाहीतर शेवटचा अर्धा तास नुसती झाडलोट.