नामिबच्या वाळवंटात जाताय? या चुका टाळा

नामिबियात पहिल्यांदा जाणाऱ्यांचा घोळ होतो तो अंतराच्या हिशेबात. राजधानी विंडहुकहून सेस्रिएम, म्हणजे नामिबच्या वाळूच्या टेकड्यांच्या उद्यानाचं प्रवेशद्वार, साधारण 350 किलोमीटर. आपण हायवेच्या सवयीने चार तास धरतो, पण निम्म्याहून जास्त वाट खडीची असते. गाडी तिथेही डावीकडूनच चालवायची, त्यामुळे हात लगेच सरावतो आणि तिथेच फसगत होते. खडीवर जोरात ब्रेक मारला की गाडी आडवी जाते. 80 च्या वर जाऊ नका आणि अंधाराआधी मुक्काम गाठा, कारण रात्री कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणं रस्त्यावर येतात. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरून घ्यायची, अर्धी असली तरी.

दुसरी चूक मला फार हळहळ लावते. स्वस्त पडतं म्हणून लोक उद्यानाच्या फाटकाबाहेर राहतात. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. आत राहणाऱ्यांना तासभर आधी सोडतात. वाळूच्या टेकड्यांमधलं सोसुसव्लेई तिथून आणखी 65 किलोमीटर. टेकडीची एक बाजू तांबडीलाल आणि दुसरी काळीभोर, हे दृश्य कोवळ्या उन्हातलं. दहा वाजता पोहोचलात तर सगळं फिकं दिसतं आणि वाळू पाय भाजते.

शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू आहे. फोर बाय फोर नसेल तर तिथली शटल घ्या. गाडी रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाकं आणखी खोल जातात. उतरा, टायरमधली हवा कमी करा, चाकांपुढची वाळू हातांनी काढा आणि सावकाश निघा. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायला विसरू नका.

सोसुसव्लेईजवळच्या डेडव्लेई या कोरड्या तळ्यातली वाळलेली झाडं कॅमलथॉर्नची, म्हणजे आपल्या बाभळीची भावंडं. वाळूच्या टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि झाडं मेली. हवा इतकी कोरडी की सहाशेहून जास्त वर्षं कुजली नाहीत. फोटोसाठी त्यांना टेकू नका, फांदीला हात लावू नका.

‘प्राणीच दिसले नाहीत’ ही तक्रार चुकीच्या जागी शोधल्यामुळे होते. वाळूत ओरिक्स, कोल्हे आणि धुक्यातलं पाणी पिण्यासाठी डोकं खाली करून उभे राहणारे भुंगे पाहा. सप्टेंबर 2022 मध्ये कुनोला आलेले आठ चित्ते याच देशातले, पण तिथला चित्ता राहतो मुख्यतः गवताळ शेतजमिनींवर. हत्ती, सिंह, गेंडे यांच्यासाठी उत्तरेला एतोशा राष्ट्रीय उद्यानात जा, तेही मे ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत. या पाणवठ्यावरून त्या पाणवठ्यावर गाडी पळवू नका. तिथल्या ओकाउकुएजो मुक्कामाच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात; स्वेटर घालून तिथे दोन तास गप्प बसा. जून-जुलैत थंडी हाडापर्यंत जाते.

आणि किनाऱ्याकडच्या खडकाळ मैदानात रस्ता सोडून गाडी घालू नका. मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीची नाजूक वाढ तिथे जमिनीला धरून असते. तिच्यावर उमटलेली चाकोरी पुढे कित्येक दशकं तशीच दिसत राहते.