जुन्या टोयोटा पिकअपला क्रॉसओव्हर स्टेअरिंग बसवताना

अमेरिकेत 1979 ते 1985 या काळात विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला पुढच्या बाजूला पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला, दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल असे. 1986 पासून तिथे स्वतंत्र सस्पेन्शन आले. पाट्यांची ही जुनी गाडी खडकाळ वाटेवर आजही भरवशाची मानली जाते, परंतु तिचे मूळ स्टेअरिंग मात्र तिच्या कीर्तीला साजेसे नाही. स्टेअरिंग बॉक्सचा पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येणारी दांडी) पुढे-मागे हलतो आणि त्याला जोडलेली ड्रॅग लिंक ही सळई चासीला जवळजवळ समांतर जाऊन डाव्या नकलवरचा, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या ॲक्सलच्या टोकावरचा, आर्म ढकलते किंवा ओढते. डाव्या बाजूचा पाटा दबला किंवा लोंबला की ॲक्सल आणि बॉक्स यांच्यातील अंतर बदलते, आणि चालकाने चक्र जागचे हलवले नसले तरी चाके थोडी वळतात. गाडी उंच केली असेल तर ड्रॅग लिंक अधिक तिरपी होते आणि हा दोष वाढतो. शिवाय दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड ॲक्सलच्या मागे बराच खाली असल्याने दगडावर आपटून वाकतो.

यावरचा उपाय म्हणजे क्रॉसओव्हर पद्धत. तीत ड्रॅग लिंक गाडीच्या रुंदीत, डावीकडच्या बॉक्सपासून उजव्या नकलपर्यंत जाते आणि टाय रॉड पाट्यांच्या वर येतो. त्यासाठी 1986 ते 1995 या काळातील टोयोटा पिकअपचा किंवा टोयोटाच्याच फोररनर एसयूव्हीचा पॉवर स्टेअरिंग बॉक्स वापरण्याची रीत आहे, कारण त्याचा पिटमन आर्म आडवा हलतो. याखेरीज नकलच्या माथ्यावर बसणारे दोन नवे आर्म लागतात. उजव्या आर्मला टाय रॉड आणि ड्रॅग लिंक या दोन्हींसाठी छिद्रे असतात, तर डाव्याला एकच छिद्र पुरते.

कामाला हात घालण्यापूर्वी स्टेअरिंगमधला जुना खेळ, म्हणजे ढिलेपणा, कोठून येतो ते शोधावे. चाके जमिनीवर ठेवून एकाने चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. ढिला सांधा बोटाला लगेच कळतो. नकलची बेअरिंगे झिजलेली असतील तर वर कितीही महागडे आर्म बसवले तरी चाके थरथरणारच, आणि बरेचसे लोक पैसे नेमके इथेच वाया घालवतात.

गाडी सपाट जागी चासीखाली भक्कम स्टँड देऊन उभी करावी. नुसत्या जॅकवर हे काम करू नये. नकलच्या वरचे नट काढल्यावरही आर्म निघत नाही, कारण प्रत्येक स्टडभोवती (ज्यावर नट बसतो त्या आटेदार खुंटीभोवती) चिरलेले, शंकूच्या आकाराचे कोन वॉशर घट्ट बसलेले असतात. नट दोन-तीन आट्यांवर परत लावून आर्मच्या बाजूला पितळी दांडक्याने ठोके द्यावेत, म्हणजे वॉशर टणकन उडी मारून सैल होतात. स्टडवर थेट हातोडा मारल्यास आटे खराब होतात आणि काम दुप्पट होते. आर्मखालील पातळ शिम (धातूच्या चकत्या) ज्या बाजूच्या असतील त्या बाजूलाच, वरच्या वर आणि खालच्या खाली, वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात.

या शिमांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. त्यांची एकूण जाडी बेअरिंगवरचा ताण ठरवते, आणि वर-खाली केलेली त्यांची वाटणी नकलला ॲक्सलच्या मध्यरेषेवर ठेवते. नकल मध्यावरून सरकला तर आतील तेलाचे सील एका बाजूने झिजून गिअर ऑइल नकलमध्ये उतरते. नवा आर्म आणि शिम बसवून नट पूर्ण आवळल्यावर, टाय रॉड जोडण्यापूर्वी, नकलच्या खालच्या जुन्या आर्मच्या छिद्रात तानकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवून काटकोनात ओढावा. नकल हलू लागण्याच्या क्षणी काट्यावर साधारण 3 ते 6 किलो दिसले पाहिजेत. कमी भरल्यास शिम काढावी, जास्त भरल्यास घालावी. खालचा आर्म खालच्या बेअरिंगची टोपीही असतो, म्हणून तो निरुपयोगी झाला असे समजून काढून टाकू नये. वरच्या नटांचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, 96 न्यूटन-मीटर असतो. नवे आर्म जाड असल्यामुळे जुने स्टड आखूड पडत असतील तर लांब स्टड घ्यावेत, अर्धवट पकडीवर भागवू नये.

बॉक्स चासीच्या बाहेरच्या अंगाला बसतो. ही चासी आतून पोकळ असल्याने नुसते बोल्ट आवळले तर पत्रा चेपतो आणि कालांतराने छिद्रांभोवती तडे जातात. म्हणून प्रत्येक बोल्टसाठी आरपार नळी घालून ती दोन्ही बाजूंनी वेल्ड करावी आणि बाहेरून जाड पट्टी लावावी. हे वेल्डिंग अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत, बरोबर निम्म्यावर आणावा आणि चाके सरळ असतानाच पिटमन आर्म चढवावा. चाक वळण्याची मर्यादा नकलवरच्या स्टॉप बोल्टने ठरली पाहिजे, बॉक्सच्या आतल्या टोकाने नव्हे.

रॉडसाठी सव्वा इंच बाहेरील व्यासाची आणि पाव इंच जाडीची विनासांध्याची नळी सहसा पुरते. तिच्या एका टोकाला डावे आणि दुसऱ्याला उजवे आटे असावेत, म्हणजे नळी फिरवून लांबी जुळवता येते. टाय रॉड एंडचे (रॉडच्या टोकाच्या सांध्यांचे) नट 91 न्यूटन-मीटरला आवळून नवी स्प्लिट पिन घालावी; छिद्र जुळत नसेल तर नट पुढे आवळावा, मागे सोडू नये. ड्रॅग लिंक गाडी उभी असताना शक्य तितकी आडवी असावी.

टो (चाके पुढे किती आत वळलेली आहेत ते) जुळवताना दोन्ही टायरच्या मध्यरेषांतील अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढे आणि मागे मोजावे. पुढचे अंतर दीड-दोन मिलिमीटर कमी ठेवून रॉडची नळी फिरू न देणारे चेक नट घट्ट करावेत. त्यानंतर एक बाजू जॅकने बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सलला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) दाबून आणि दुसरी लोंबती सोडून चक्र पूर्ण फिरवावे, आणि रॉड पाट्यांना, चासीला किंवा इंजिनच्या ऑइल पॅनला घासत नाही, तसेच ब्रेकची नळी ताणली जात नाही, याची खात्री करावी. पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर नकलचे सर्व नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, कारण कोन वॉशर बसकण घेतात आणि नट किंचित सैल पडतात.

भारतात 2022 मध्ये आलेल्या हायलक्सला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन स्टेअरिंग असल्याने यातील काहीही लागू होत नाही. भारतात इतर कोणत्याही जुन्या गाडीवर असा बदल करायचा असल्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 लक्षात घेऊन आधी आरटीओकडे चौकशी करावी.