इंग्रजीत कॉमा देताना मराठीची सवय आड येते. या चुका टाळा

‘वाचताना जिथे थांबतो, तिथे कॉमा’ हा शाळेतला नियम बहुतेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, आणि अर्जातल्या, ई-मेलमधल्या कितीतरी चुका तिथूनच सुरू होतात. इंग्रजीत कॉमा श्वासावर ठरत नाही, वाक्याच्या रचनेवर ठरतो. त्यात भर म्हणजे मराठीत स्वल्पविराम जिथे बिनधास्त चालतो, त्यातल्या काही जागा इंग्रजीत सरळ चूक धरल्या जातात. नागपुरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच दिवसात लिहावी लागते, त्यामुळे या सवयी एकमेकींत सहज मिसळतात.

दोन पूर्ण वाक्यं एकट्या कॉमावर टांगू नका

‘पाऊस थांबला, आम्ही बर्डीवर निघालो.’ मराठीत या वाक्याला कुणी नाव ठेवणार नाही. पण हेच इंग्रजीत पाहा:

‘द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट फॉर बर्डी.’

ही चूक आहे आणि तिला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. ओळखायची रीत सोपी आहे. कॉमाच्या आधीचा भाग वेगळा वाचा, नंतरचा वेगळा वाचा. दोन्हीकडे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असेल, अर्थही पूर्ण लागत असेल, तर एकटा कॉमा तो भार पेलत नाही. मग तीन वाटा उरतात: पूर्णविराम द्या, सेमीकोलन द्या, किंवा कॉमा ठेवून पुढे जोडशब्द घाला. हे जोडशब्द सातच आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. ‘द रेन स्टॉप्ड, सो वी लेफ्ट फॉर बर्डी’ हे बरोबर.

‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ या सातांत नाहीत, आणि चांगलं इंग्रजी लिहिणारेही इथे फसतात. ‘आय अप्लाइड इन जून, हाउएव्हर आय गॉट नो रिप्लाय’ हे चूक. ‘आय अप्लाइड इन जून; हाउएव्हर, आय गॉट नो रिप्लाय’ हे बरोबर. आधी सेमीकोलन, नंतर कॉमा, दोन्ही हवेत.

उलटी चूकही होते. ‘अँड’ दिसला की हात आपोआप कॉमा देतो: ‘शी टुक द फॉर्म, अँड वेंट होम.’ इथे दुसऱ्या भागाला स्वतःचा कर्ता नाही, म्हणून कॉमा काढा.

‘की’ नंतरचा स्वल्पविराम मराठीतच राहू द्या

‘ते म्हणाले की, कार्यालय बंद आहे’ असं मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येतं. तीच लकब इंग्रजीत उतरते: ‘ही सेड दॅट, द ऑफिस वॉज क्लोज्ड.’ ‘दॅट’नंतरचा हा कॉमा काढून टाका. कुणाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे देत असाल, तर मात्र ‘सेड’नंतर कॉमा लागतो.

‘जे… ते’ची सवय

‘जे विद्यार्थी वर्ध्याहून येतात, त्यांना पास मिळतो.’ इथला स्वल्पविराम योग्य आहे, कारण ‘त्यांना’पासून वाक्य नव्याने पाऊल टाकतं. इंग्रजीत असा ‘त्यांना’ नसतोच. ‘द स्टुडंट्स हू कम फ्रॉम वर्धा, गेट अ पास’ लिहिलं की कर्ता एकीकडे आणि त्याचं क्रियापद दुसरीकडे, मध्ये कुंपण. शंका आली तर सगळ्या लांबलचक कर्त्याच्या जागी ‘दे’ ठेवून पाहा. ‘दे, गेट अ पास’ असं कुणीच लिहिणार नाही.

याच जागेवर अर्थ पालटवणारा एक बारकावा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. काटोलची संत्री घ्या:

‘द ऑरेंजेस दॅट केम फ्रॉम काटोल वेअर स्वीट.’
‘द ऑरेंजेस, विच केम फ्रॉम काटोल, वेअर स्वीट.’

पहिल्या वाक्यात संत्री निरनिराळ्या ठिकाणांहून आली होती आणि त्यातली काटोलची तेवढी गोड निघाली. दुसऱ्यात सगळी संत्री काटोलचीच आणि सगळीच गोड. कॉमांमधला मजकूर उचलून बाजूला ठेवला तरी मूळ विधान टिकत असेल, तरच कॉमा द्यायचे, आणि तेही जोडीने. पहिला देऊन दुसरा विसरणं म्हणजे कंस उघडून तो बंद न करणं.

‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिकॉज’ने सुरू होणारा भाग वाक्याच्या आधी आला तर त्याच्यानंतर कॉमा द्या. तोच भाग मागे आला तर बहुधा नको.

अर्ज, पत्ता, रक्कम

‘रिस्पेक्टेड, सर’ नव्हे. ‘रिस्पेक्टेड सर,’ असं लिहा. ‘थँक यू, सर’मध्ये मात्र मध्ये कॉमा हवा, कारण तिथे आपण कुणाला तरी हाक मारतो. पत्त्यात ‘धरमपेठ, नागपूर ४४००१०’ असं लिहायचं. शहर आणि पिनकोड यांच्यात कॉमा येत नाही. ‘१५ ऑगस्ट २०२५’लाही कॉमा लागत नाही. अमेरिकी पद्धतीने ‘ऑगस्ट १५, २०२५’ लिहिलं तर लागतो, आणि वाक्य पुढे चालू राहिलं तर सालानंतरही एक लागतो. आपल्याकडे दीड लाख म्हणजे १,५०,०००. परदेशी विद्यापीठाच्या फॉर्मवर तेच १५०,००० होतं.

यादीत शेवटच्या ‘अँड’आधी कॉमा द्यावा का? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी देतात, ब्रिटनमध्ये बहुधा गाळतात, ऑक्सफर्ड विद्यापीठाची प्रकाशनसंस्था मात्र देते. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यातल्या एका यादीत ‘ऑर’आधी असा कॉमा नव्हता. त्यावरून दूध वाहून नेणाऱ्या चालकांनी दावा लावला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरला तडजोड झाली. म्हणून एक पद्धत धरा आणि ती पाळा. अर्थ दोन लागत असतील तिथे मात्र कॉमा द्याच.

जागा सोडण्याची चूक

कॉमा आधीच्या शब्दाला चिकटून येतो आणि त्याच्यानंतर एक जागा सुटते. आधी जागा सोडली तर कधीकधी कॉमा एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडतो. वर्डमध्ये ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडा, वरच्या चौकटीत जागा आणि कॉमा टाका, खालच्या चौकटीत नुसता कॉमा, आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबा. कॉमानंतर राहून गेलेली जागा भरताना मात्र ‘रिप्लेस ऑल’ वापरू नका, एकेक बदल तपासत जा. नाहीतर १,५०,००० चे तीन तुकडे होतील.