मिररलेस घेताय की सुपरझूम? आधी या चुका टाळा

"ताई, या कॅमेऱ्यावर ४० एक्स लिहिलंय आणि त्या दुसऱ्याला जेमतेम अडीच एक्स, मग अडीचवाल्याला जास्त पैसे का द्यायचे?" ४०वाला म्हणजे सुपरझूम, त्याची लेन्स खूप लांबचं जवळ आणते पण बदलता येत नाही; अडीचवाला म्हणजे मिररलेस, त्याची लेन्स बदलता येते. हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की विचारणारा पुढे काय बोलणार तेसुद्धा आता पाठ झालंय. पुण्यात गेली दहा-बारा वर्षं मी ओळखीच्यांना कॅमेरा निवडायला मदत करतेय, निव्वळ आवड म्हणून. कॅमेरा बऱ्याचदा चांगलाच असतो, घेणाऱ्याचं कारण चुकलेलं असतं, आणि मग सहा महिन्यांत ती वस्तू कपाटात जाते. ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण पैसे कष्टाचे असतात.

एक्सचा आकडा बघून कॅमेरा घेणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून सगळ्यात जास्त वेळ हिच्यावरच घालवणार आहे.

एक्स म्हणजे साधा भागाकार. लेन्सवर मिमीमध्ये आकडे असतात, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. त्यातला सगळ्यात लांबचा आकडा भागिले सगळ्यात जवळचा आकडा, बस. कॅननचा एसएक्स७४० एचएस २४ ते ९६० मिमी जातो, ९६० भागिले २४ म्हणजे ४०, झाला ४० एक्स. कॅननच्या आर५० या मिररलेससोबत येणारी किट लेन्स १८-४५ ची, म्हणून अडीच एक्स. आता १० ते १०० ची लेन्स घ्या किंवा ६० ते ६०० ची, दोन्ही १० एक्सच, पण पहिलीत अख्खा वाडा मावेल आणि दुसरीत वाड्याच्या कौलावर बसलेला पारवा. दुर्बिणीचा एक्स वेगळा आणि हा वेगळा, तो हिशोब इथे लावू नका.

त्यात अजून एक गोंधळ. सुपरझूमच्या खोक्यावर जे मिमी छापतात ते बहुतेक वेळा फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर, म्हणजे आतला फोटो टिपणारा तुकडा) हिशोबात आधीच बदलून दिलेले असतात. मिररलेसच्या लेन्सवरचा आकडा मात्र कच्चा असतो, तो तुम्हाला गुणावा लागतो, कॅननच्या एपीएस-सी (म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) बॉडीला १.६ ने आणि निकॉन-सोनीच्या १.५ ने. म्हणजे किट लेन्सचे ४५ झाले ७२ आणि ५५-२१० ची लेन्स झाली साधारण ८८ ते ३३६. हे न करता लोक २१० आणि ९६० शेजारी शेजारी ठेवतात आणि वाद घालत बसतात.

मागच्या एका जानेवारीत आम्ही सहाजण भिगवणला गेलो होतो. पहाटे साडेचारला पुणे सोडलं, उजाडता उजाडता कुंभारगावात पोचलो आणि होडीत बसलो. माझ्या मैत्रिणीचा पुतण्या बरोबर होता, नवाकोरा आर५० घेऊन, सोबत फक्त ती १८-४५. तीन आठवडे रोज रात्री रिव्ह्यू बघून घेतलेला कॅमेरा, पण त्यातला एकही रिव्ह्यू पक्ष्यांचा नव्हता. शेजारी त्याचे काका, त्यांच्याकडे जुना निकॉन पी९०० सुपरझूम, २०१५ साली आलेला, ८३ एक्स, म्हणजे २४ ते २००० मिमी. नावाड्याने बांबूने होडी ढकलत रोहित पक्ष्यांपासून चाळीसेक मीटरवर आणून थांबवली, त्याहून पुढे जायचं नाही कारण थवा उठतो, आणि मी त्याला पुढे घ्या असं कधी म्हणतही नाही.

आता हिशोब बघा. रोहित पक्षी उभा राहिला की सव्वा ते दीड मीटर. ७२ मिमीला ४० मीटरवर फ्रेमची उंची येते तेरा मीटरच्या वर. म्हणजे पक्षी फ्रेमच्या दहाव्या हिश्शाएवढा, पाणी आणि आभाळ यांच्यामध्ये फिकट ठिपक्यांची एक ओळ. काकांच्या २००० मिमीला तिथेच फ्रेमची उंची जेमतेम अर्धा मीटर. त्यांच्या स्क्रीनवर एका पक्ष्याचं डोकं आणि मानेची वेलांटी होती, चोचीचं काळं टोक दिसत होतं आणि त्या टोकावरून निथळणारा पाण्याचा थेंब दिसत होता. पोरगं गप्पच झालं. थोड्या वेळाने हळूच म्हणालं, "ताई, माझा कॅमेरा खराब निघालाय का?"

दोन तासांनी आम्ही नाश्त्याला एका घरी बसलो. आत अंधार, एकच छोटी खिडकी, चुलीपुढे मावशी भाकरी थापत होत्या. दोघांनीही फोटो काढले. पोराच्या फोटोत मावशींच्या तळहाताच्या रेषांत अडकलेलं पीठ दिसत होतं, चुलीचा तांबडा उजेड गालावर होता. काकांच्या फोटोत सगळं रवाळ, चेहरा मेणाचा असल्यासारखा. काकांनी स्वतः दोन्ही स्क्रीन जवळ धरून बघितल्या आणि म्हणाले, "असं आहे होय." मी तेव्हा काही समजवायला गेले नाही, समोरच दिसत होतं.

याचं कारण सेन्सर. पी९०० काय किंवा एसएक्स७४० काय, आतला सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, करंगळीच्या नखाहून लहान. आर५० चा २२.३ बाय १४.९ मिमी. क्षेत्रफळात बारा पटीच्या आसपास फरक. छोट्या सेन्सरमुळेच एवढा लांबचा झूम हातात मावेल एवढ्या लेन्समध्ये बसवता येतो, आणि त्याच छोट्या सेन्सरमुळे उजेड कमी झाला की फोटो ढासळतो. हे दोन वेगवेगळे मुद्दे समजू नका, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

माझी सवय सांगते. कोणी विचारायला आलं की मी आधी कागद देते आणि म्हणते, तुला काढायचे असलेले तीन फोटो लिही, प्रत्येकापुढे अंतर लिही आणि वेळ लिही. "पक्षी, ४० मीटर, सकाळी आठ." "मुलीचा वाढदिवस, २ मीटर, रात्री." "किल्ला, ट्रेक, दिवसा." पहिल्या प्रकारचे जास्त असतील तर सुपरझूम, दुसऱ्या प्रकारचे असतील तर मिररलेस, तिसऱ्या प्रकाराला दोन्ही चालतात मग वजन बघा. ज्यांना कागदावर तीन ओळी लिहायचाही कंटाळा असतो आणि "ते जाऊ दे, बेस्ट कुठला ते सांग" म्हणतात त्यांना मी काहीच सुचवत नाही, कारण काहीही सुचवलं तरी ते चुकणार.

उतावळेपणात स्वस्तातली लांब लेन्स मागवणं

त्या पोराची गोष्ट तिथेच संपली नाही. घरी जाऊन त्याच रात्री त्याने ऑनलाइन एक ४२०-८०० मिमीची स्वस्त लेन्स मागवली, मला न विचारता. या लेन्सना ऑटोफोकस नसतो, हात हलला तर सावरणारं स्टॅबिलायझेशन नसतं, आणि अ‍ॅपर्चर एफ/८.३ पासून सुरू होऊन लांबच्या टोकाला एफ/१६ वर जातं, आणि हा एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड आत कमी. उडता पक्षी हाताने फोकस करायचा, तोही हलत्या होडीतून, एफ/१६ ला! एकदाच वापरली. ते पैसे वाचवून कंपनीची ५५-२१० घेतली असती तर त्या दिवशीचा रोहित फ्रेमच्या निम्म्या उंचीचा आला असता, आणि वरून क्रॉप करता, म्हणजे कडा कापून टाकता आल्या असत्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो रुंदीला आणि उंचीला निम्मा कापला तरी ३००० बाय २००० उरतो, ६ मेगापिक्सेल, दहा इंची प्रिंट व्यवस्थित निघते. ३३६ चे धरा ६७२ झाले. लोकांना क्रॉप म्हणजे कमीपणा का वाटतो मला कळत नाही, पण डिजिटल झूमचं बटण दाबताना काही वाटत नाही, आणि तो झूम म्हणजे तरी कॅमेऱ्याने तुमच्यासाठी केलेलं क्रॉपच. मी कुठलाही सुपरझूम हातात आला की आधी मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करते.

सुपरझूम घेऊन गॅदरिंगला जाणं

आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. माझ्या भाचीचं शाळेचं गॅदरिंग, संध्याकाळी सात, हॉलमध्ये. आम्ही शेवटच्या ओळीत बसलो कारण भाऊ म्हणाला झूम आहे ना आपल्याकडे. लांबच्या टोकाला लेन्स एफ/६.५, आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायची पातळी) १६०० च्या वर नेलं की चेहरे पुसट होतात म्हणून तिथेच थांबलो, तर शटर स्पीड मिळाला १/१५ सेकंद. पोरं कोळीगीतावर नाचतायत आणि १/१५! दीडशे फोटोंत भाचीचा चेहरा स्पष्ट दिसेल असा एकही नाही. प्रत्येक फोटोत एक हात आहे आणि त्या हाताच्या मागे त्याच हाताची सावली. वहिनीने रात्री सगळे बघितले आणि लॅपटॉप बंद करून ठेवला, ते मला अजून आठवतं, कारण कॅमेरा मीच सुचवला होता आणि गॅदरिंगचं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. कागदाची सवय तेव्हापासूनची.

पुढच्या वर्षी मी माझा मिररलेस नेला, त्यावर ५० मिमी एफ/१.८ लावली, आणि हॉल उघडायच्या अर्धा तास आधी जाऊन बाजूच्या वाटेजवळची तिसऱ्या ओळीतली खुर्ची धरली. एफ/६.५ च्या तुलनेत एफ/१.८ मधून जवळपास १३ पट उजेड आत येतो. तोच हॉल, तेच दिवे, तेच आयएसओ १६००, शटर मिळाला १/२००. भाचीच्या नथीचे मणी मोजता येतात त्या फोटोत. अर्धा तास लवकर जाण्याला पर्याय म्हणून झूम घेऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि मिररलेस घेणाऱ्यांनो, किट लेन्सवर भिस्त ठेवून हॉलमध्ये जाऊ नका, ती ४५ ला एफ/६.३ असते. सेन्सरचा फायदा मिळेल पण अर्धामुर्धा. दुसरी लेन्स घ्यायची तयारी नसेल तर मिररलेस घ्यायच्या आधी पुन्हा विचार करा, हे मी स्पष्टच सांगते. दुकानात हे कोणी सांगत नाही, तिथे ट्रायपॉड, बॅग आणि लेन्सपुढे लावायची काच, म्हणजे यूव्ही फिल्टर, फुकट देतात. तो स्वस्त फिल्टर लांब लेन्सपुढे लावलात तर फोटो मऊ येतो, काढून टाका.

दुपारी लांबचा झूम लावून कॅमेऱ्याला नावं ठेवणं

"निकॉनचा पी९५० सुपरझूम घेतला पण २००० ला शार्प नाहीये." मी विचारते किती वाजता काढलास, उत्तर येतं साडेबारा, एक. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते, डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी असल्यासारखं दिसतं तेच. हजार-दोन हजार मिमीला तुम्ही त्या हवेचाच फोटो काढत असता. कितीही महागडी लेन्स लावा, तेच होणार. सकाळी नऊच्या आत काढा, नाहीतर जवळ जा.

सुपरझूममध्ये विषय हरवणं

सरळ २००० वर नेऊन झाडात पक्षी शोधत बसतात, पाच मिनिटं फक्त पानं. निकॉनच्या पी९०० आणि पी९५० ला लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी सापडला की सोडा, परत पुढे जातो. कॅननच्या एसएक्स७० लाही असं बटण आहे. वर्षभर कॅमेरा वापरून हे बटण माहीत नसलेली माणसं मला भेटलीत, मॅन्युअल उघडायचंच नाही म्हटल्यावर काय होणार.

चंद्रालाही हेच. पूर्ण झूमला चंद्र दोन-तीन मिनिटांत फ्रेमबाहेर सरकतो, ट्रायपॉड बिघडलेला नसतो. आणि ऑटोवर तो पांढरा गोळा येतो कारण आजूबाजूचा अंधार बघून कॅमेरा उजेड वाढवतो. आयएसओ १०० किंवा २००, शटर १/१२५ ते १/२५०, झालं.

लेन्स उघडलीच नाही आणि कॅमेरा परत करायला निघाले

आर५० ची १८-४५ आणि निकॉनची १६-५० या लेन्स मिटलेल्या असतात, रिंग फिरवून उघडाव्या लागतात. स्क्रीनवर तसं लिहून येतं. वाचा.

कुठेही लेन्स बदलणं

मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, मध्ये आरसा नाही. वारीच्या धुळीत, सफारीच्या जिप्सीत, समुद्राच्या वाऱ्यात बदलू नका. मी बॉडी बंद करते, तोंड खाली धरते, दुसरी लेन्स आधी मोकळी करून हाताशी ठेवते आणि मगच पहिली काढते. सुपरझूमवाल्यांनी पण निश्चिंत राहू नये. त्यांची नळी आत-बाहेर होताना धूळ आत ओढते आणि आत गेलेली धूळ घरी काढता येत नाही, म्हणून धुळीत असताना सारखा झूम करू नका.

पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवणं

मुंबई, कोकण, गोवा इथल्या लोकांना हे कळवळून सांगते. बंद बॅग, दमट हवा, चार महिने, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. मिररलेसला निदान एक लेन्स खराब झाली तर दुसरी लावता येते, सुपरझूमला लेन्स खराब म्हणजे अख्खा कॅमेरा गेला. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांची पाकिटं पुरतात. दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून दहा फोटो काढा आणि पाकिटं बघा. दाणे गुलाबी झाले असतील तर कढईत मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा निळे झाले की गार करून डब्यात.