नगररचना शिकायला येताय? आधी शेजार वाचा

नगररचनेला नव्याने येणारी मुलं पहिल्यांदा सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती जोडायचं साधन, यायलाच हवं, सरावाने ते येतंही. कोण कोणाच्या अडीनडीला धावतं, हे नोंदवायला शिकणं जास्त अवघड, आणि माझ्या मते शहर टिकतं ते त्याच्यावर.

जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने 700 हून जास्त माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या तपासल्या. एकीत दुकानं होती, रस्त्यावर वर्दळ होती, म्हणून एकटे राहणारे म्हातारेही बाहेर पडायचे. दुसरी ओस पडलेली, तिथले म्हातारे दार लावून आत बसले. पहिलीत मृत्यू कितीतरी कमी झाले. ऊन दोन्हीकडे तेच होतं.

आपल्याकडे हे पाहायला नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला जा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीसाठी, आखलेली ही वसाहत. साधारण 8 मीटर लांब-रुंद चौकाभोवती सात घरं, अशा तीन चौकांचा मिळून मोठा गट. दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याशी वाद न होता घर वाढवता येतं. लोकांनी घरं इतकी बदलली की मूळ रूप शोधावं लागतं. तुम्ही लक्ष चौकांकडे द्या: झाडाला पाणी कोण घालतं, गाडी कोण लावतं, मुलं कुठे खेळतात. सात घरांच्या चौकाला सगळे आपला म्हणतात, तेवढी आपुलकी मोठ्या मैदानाच्या वाट्याला सहसा येत नाही.

मग तिथून दिवाळे गावात या. नवी मुंबई 95 गावांच्या जमिनीवर उभी राहिली, तरी आगरी-कोळ्यांची नाती आळी, होळी आणि ग्रामदेवतेच्या जत्रेभोवतीच आहेत. सेक्टरच्या नकाशावर ती कुठेच दिसत नाहीत. संध्याकाळी जा, बायकांशी बोलायला एखादी विद्यार्थिनी सोबत असू द्या आणि प्रश्नावली पिशवीतच ठेवा. मी एकच विचारते : "रात्री घरात कोणी आजारी पडलं, तर पहिला फोन कोणाला?" उत्तरांचे बाण नकाशावर काढा. बाण गावातच फिरतात की शेजारच्या सोसायटीपर्यंत पोहोचतात, यावर गाव आणि नोड (सिडकोने आखलेली नवी वस्ती) एकमेकांना किती ओळखतात ते कळतं. पाणथळ जागा किंवा तलाव वाचवायची वेळ आली की हीच ओळख कामाला येते.

प्रवेशाचं थोडक्यात : बी.प्लॅन ही नगररचनेची पदवी चार वर्षांची, त्यासाठी जेईई मेनचा प्लॅनिंगचा पेपर. एम.प्लॅन ही पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची. आर्किटेक्चर, सिव्हिलबरोबर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही बऱ्याच संस्थांत दार उघडं असतं. या मुलांनी बिचकू नये, वस्तीत बोलतं करायचं कसब त्यांच्याकडे आधीच असतं.

ठाण्यात थिसिस करणार असाल तर किसननगरसारखी क्लस्टर योजनेतली, म्हणजे जुन्या इमारतींचा अख्खा समूह पाडून एकत्र पुनर्विकास होणार असलेली, जागा निवडा. बहुतेक जण चटईक्षेत्र आणि पार्किंगची गणितं मांडतात. तुम्ही गल्लीनिहाय यादी करा : कोणाची चावी कोणाकडे असते, भिशी कोणाची, कामावर जाताना पोरं कोणाकडे ठेवतात. नव्या इमारतीत त्या घरांना एकाच मजल्यावर ठेवता येईल का, हे आराखड्यात दाखवा. यादी मात्र पाडकामाआधीच करायला हवी. एकदा घरं रिकामी झाली की माणसं भाड्याच्या खोल्यांत पांगतात, मग कोण कोणाच्या शेजारी होतं हे सांगायलाही कोणी सापडत नाही.