बायपासनंतर घरी आणलंत? आधी छातीचं हाड सांभाळा

बायपास करून माणूस घरी आला की सगळ्यांना काळजी हृदयाची, पण पहिले दोन-तीन महिने खरं जपायचं असतं ते छातीच्या मधलं हाड. ऑपरेशनला ते उभं कापतात, शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात (तारा कायम आतच राहतात), आणि ते जुळायला ६ ते ८ आठवडे, पक्कं व्हायला साधारण १२ लागतात.

म्हणून उठवताना हात धरून ओढायचं नाही, काखेत हात घालून तर मुळीच नाही. कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, पेशंटचे हात छातीशी आणि तुमचा आधार पाठीला, बस. भरलेली बादली, नातू, काहीच उचलायचं नाही, आणि राजवाड्यापर्यंतच तर जायचंय म्हणून स्कूटरची किल्ली मागितली तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत द्यायची नाही.

खोकला दाबू नका. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला लावा, दुखतं म्हणून कफ आत राहिला की न्यूमोनिया होऊ शकतो. श्वासाच्या व्यायामाला दिलेल्या त्या तीन चेंडूंच्या खेळण्यात (स्पायरोमीटर) बरेच जण फुंकतात, अहो ते आत ओढायचं असतं, सावकाश.

बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर त्या पायाला सूज येतेच, बसताना पाय वर ठेवा. छातीच्या आतली डावी धमनी वापरली असेल तर छातीवर डावीकडे बधिरपणा, मुंग्या कित्येक महिने राहतात, त्याला अटॅक समजून घाबरू नका.

वजन रोज सकाळी चहाच्या आधी करून लिहून ठेवा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, फोन करा. आता इंदूरात पोहे म्हटलं की शेव न् जीरावण (वरून भुरभुरायचा मसाला) आलंच, पण दोन्हीत मीठ भरपूर, तेव्हा सध्या नुसते लिंबू पिळून द्या, रुसले तर रुसू देत. भेटायला येणारे काका-मावशी सराफ्यातली (तिथल्या खाऊगल्लीतली) कचोरी आणतात ती तुम्हीच संपवा.

नाडी वेडीवाकडी लागली, धडधड वाटली तर त्याच दिवशी कळवा, बायपासनंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि औषधाने आटोक्यात येतं. खोकताना हाडात कट्ट वाजणं, जखमेतून पाणी किंवा पू, १०१ ताप, एकाच पोटरीत दुखून गरम लागणं, यातलं काही दिसलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही, शुगरवाल्यांनी तर अजिबात नाही, आणि जखमेवर हळद-बिळद लावू नका. आडवं झाल्यावर दम लागणं, छातीत दाब, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, असं झालं तर सरळ १०८.

ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी सर्जनला विचारा, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या.