आयसीपी (कवटीतला दाब) वाढतोय आणि तुम्ही बीपीकडे बघताय? या चुका टाळा

'आयसीपी वाढल्याची लक्षणं सांगा' म्हटलं की अर्धा वर्ग एका सुरात 'कुशिंग ट्रायड' म्हणतो. उत्तर चूक नाही, पण वॉर्डात त्याच्यावर विसंबून राहिलात तर हमखास उशीर होणार. सिस्टोलिक (वरचं) बीपी चढून दोन आकड्यांमधलं अंतर रुंदावणं, नाडी मंदावणं, श्वासाची लय बिघडणं ही तिन्ही एकत्र दिसतात तेव्हा दाब ब्रेनस्टेमपर्यंत (श्वास आणि नाडी सांभाळणाऱ्या मेंदूच्या बुंध्यापर्यंत) पोचलेला असतो. तिथून मागे फिरायला वेळ फार थोडा उरतो.

सगळ्यात आधी बदलते ती शुद्ध, आणि तीही हळूच. सकाळी तारीख नीट सांगणाऱ्या रुग्णाला दुपारी तोच प्रश्न दोनदा विचारावा लागतो. शांत माणूस उगाच चिडतो, सलाईनची नळी ओढतो. किंवा एकदम गप्प होतो आणि आपण म्हणतो, "झोपलाय, झोपू दे." माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी चूक हीच. झोपलेला रुग्ण हाक मारल्यावर नीट जागा होतो का, हे बघितल्याशिवाय तो झोपलाय असं लिहूच नका.

हे असं का होतं, ते कवटीच्या हिशोबात आहे. मोठ्यांची कवटी म्हणजे न ताणणारी पेटी. आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त, १० टक्के सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी). एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. हा मन्रो-केली सिद्धांत सगळ्यांना पाठ असतो, गफलत पुढे होते. गाठ किंवा सूज जितकी वाढेल तितकाच दाब वाढेल, असं विद्यार्थी धरून चालतात. तसं होत नाही. सुरुवातीला सीएसएफ पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि आयसीपी नेहमीच्या ५ ते १५ मिमी एचजीमध्येच राहतो. ही सोय संपली की मात्र आलेख एकदम उभा चढतो. मग एक जोरदार खोकलासुद्धा भारी पडतो. 'तासापूर्वी ठीक होता' याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

सीएसएफचा मार्गही उलटसुलट लिहिला जातो. कोरॉइड प्लेक्ससमध्ये (व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या, त्यांतलं रक्तवाहिन्यांचं जाळं) तो तयार होतो. लॅटरल व्हेंट्रिकल, मग फोरामेन ऑफ मन्रो, तिसरं व्हेंट्रिकल, अरुंद अ‍ॅक्विडक्ट, चौथं व्हेंट्रिकल, तिथून मेंदूभोवती, आणि शेवटी अ‍ॅरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन्समधून शिरेच्या रक्तात. एका वेळी आत जेमतेम १५० मिली असतो, पण दिवसभरात सुमारे ५०० मिली बनतो. मार्ग अडला तर काय होईल, ते या दोन आकड्यांतच दिसतं.

आता थोडं गणित, कारण इथे भले भले अडकतात. बीपी १२०/७५ म्हणजे एमएपी (सरासरी बीपी: खालचा आकडा अधिक दोन्हींतल्या फरकाचा एक तृतीयांश) ९०. आयसीपी १५ असेल तर सीपीपी (मेंदूला रक्त पोचवणारा दाब, म्हणजे एमएपी वजा आयसीपी) ७५: उत्तम. आयसीपी ३० झाला तर ६०: काठावर. त्याच क्षणी कुणी 'बीपी खाली आणू या' म्हणून ते ९०/६० केलं तर एमएपी ७०, सीपीपी ४०, म्हणजे मेंदूची उपासमार. अशा वेळी चढलेलं बीपी ही बऱ्याचदा मेंदूपर्यंत रक्त पोचवण्याची शरीराची धडपड असते. आकडा लगेच कळवा, बीपीच्या गोळीकडे मनानं वळू नका.

जीसीएसची (शुद्ध मोजण्याचे गुण: ई म्हणजे डोळे उघडणं, व्ही बोलणं, एम हालचाल) नुसती बेरीज लिहिणं ही जुनी सवय. ई४ व्ही१ एम६ आणि ई२ व्ही४ एम५ या दोघांचीही बेरीज ११, पण हे रुग्ण अगदी वेगळे. तिन्ही भाग सुटे लिहा. घशात ट्यूब असेल तर व्हीपुढे 'टी'.

डोळ्यांच्या बाहुल्यांच्या बाबतीत बाजूंचा गोंधळ होतो. टेम्पोरल लोबचा (मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा) आतला भाग खाली सरकून तिसऱ्या नर्व्हवर (बाहुली आवळणाऱ्या नसेवर) दाबला की बाहुली सहसा त्याच बाजूची मोठी होते आणि अशक्तपणा बहुधा विरुद्ध हातापायात येतो.

शुश्रूषेतल्या चुका साध्या वाटतात. डोकं ३० अंश उचललेलं असतं, पण मान उशीवरून एका बाजूला कलंडलेली. मानेची शीर दबली की रक्त उतरत नाही, मग त्या ३० अंशांचा उपयोग काय? ट्यूबची टेप गळ्याभोवती घट्ट बांधली तरी तेच. 'एकदाच आटपून टाकू' म्हणून स्पंज, कूस बदलणं, सक्शन लागोपाठ उरकू नका, मध्ये श्वास घ्यायला वेळ द्या. सक्शनआधी ऑक्सिजन वाढवा, एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नळी आत नको. कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब आणखी चढतो. मॅनिटॉलच्या (मेंदूतलं पाणी ओढून दाब उतरवणाऱ्या औषधाच्या) बाटलीत स्फटिक नाहीत ना ते उजेडात बघा, फिल्टरचा सेट लावा, लघवी मोजा.

ईव्हीडी (व्हेंट्रिकलमधला सीएसएफ बाहेरच्या चेंबरमध्ये काढणारी नळी) असेल तर त्याची शून्य पातळी कानाच्या ट्रॅगसशी (भोकापुढच्या उंचवट्याशी) जुळवलेली हवी. पलंग वर घेतला आणि चेंबर तिथेच राहिला तर पाणी भसाभस वाहून जातं. पलंग खाली गेला तर थांबतं. हलवण्याआधी क्लॅम्प करणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पुन्हा पातळी जुळवून क्लॅम्प उघडणं विसरतात.

आणि डॉक्टरांना फोन कराल तेव्हा 'पेशंट जरा सुस्त वाटतोय' असं सांगू नका. असं सांगा: "दोनला ई४ व्ही५ एम६ होता, अडीचला ई३ व्ही४ एम६ आहे. डावी बाहुली ३ वरून ५ मिलिमीटर झालीय, उजेडाला मंद. आत्ता बघायला या."